गावातल्या शाळेत गणित मंडळ कसं चालवावं: देवगडच्या एका बाईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंना सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेच्या वेळेबाहेर काहीतरी सुरू करायचं आहे. प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं अशी आहेत की धडा संपायच्या आत त्यांचा सरावसंच संपतो आणि मग ती नुसती बसून राहतात. त्यांना पुढच्या इयत्तेचं पुस्तक आधीच शिकवावं, शिष्यवृत्तीचे पेपर सोडवून घ्यावेत, की थेट ऑलिंपियाडची, म्हणजे अवघड गणितांच्या स्पर्धापरीक्षांची, तयारी करावी, असं त्यांनी विचारलंय. मुलं वेगवेगळ्या वाड्यांवरून एसटीने येणारी, आणि शिकवायला त्या एकट्याच.

बाई, निदान पहिलं वर्ष या तिन्हीपैकी काहीच करू नका. मुलाला एका अवघड प्रश्नापाशी अर्धा-पाऊण तास टिकून राहायची सवय लावणं, एवढंच या मंडळाचं काम ठेवा. ही सवय शाळेच्या तासिकेत लागत नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांत धडा पुढे न्यायचा असतो, त्यामुळे प्रश्न आला की दोन मिनिटांत कोणीतरी उत्तर देतं किंवा शिक्षक फळ्यावर सोडवून मोकळे होतात. हुशार मुलाची सर्वांत मोठी अडचण इथेच असते. त्याला सगळं लगेच येत आलेलं असतं, त्यामुळे जे लगेच येत नाही ते आपल्याला येणारच नाही अशी त्याची समजूत होऊन बसते.

परीक्षांची वेळ बघितली की मुद्दा आणखी उघड होतो. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात. एनएमएमएस या आठवीतल्या केंद्रीय शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका भागात ९० मिनिटांत ९० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. ऑलिंपियाडच्या वाटेवरची पहिली परीक्षा आयओक्यूएम, तिथे तीन तासांत ३० प्रश्न, प्रत्येकी सहा मिनिटं. त्यापुढची विभागीय परीक्षा म्हणजे आरएमओ, तीन तासांत फक्त सहा प्रश्न, म्हणजे एकेकाला अर्धा तास. राष्ट्रीय पातळीवरच्या आयएनएमओमध्ये साडेचार तासांत सहा प्रश्न, एकेकाला पाऊण तास. मिनिटाच्या गणितांचा सराव शाळेत भरपूर होतो. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे पहिला येतो, तेव्हा त्या बाजूला आपण कमी नाही. पाऊण तासाच्या गणिताचा सराव मात्र कुठेच होत नाही, आणि तो देणारी दुसरी जागा गावात नसते.

पुढच्या इयत्तेचं पुस्तक आधी शिकवण्यातला तोटा लगेच दिसत नाही, म्हणून त्यावर दोन शब्द. सातवीच्या मुलाला आठवीची सूत्रं शिकवली की तो खूष होतो, पालकही खूष होतात. पण पुढच्या वर्षी तो वर्गात आणखी रिकामा बसतो, आणि ‘हे मला येतं’ म्हणताना त्याला येत असते ती फक्त कृती. (अ + ब) चा वर्ग तोंडपाठ असतो, पण चौरस काढून ते दाखव म्हटलं की हात थांबतो. आहे त्याच इयत्तेच्या आशयात खोल जाणारे प्रश्न भरपूर मिळतात. नवीन प्रकरणं लागत नाहीत. जलद आकडेमोडीच्या युक्त्या आणि अबॅकसचंही तसंच. आकडेमोड पक्की असणं चांगलंच, पण मंडळाचा वेळ त्यावर खर्च करू नका.

आता प्रत्यक्ष व्यवस्था. आठवड्यातून एकदाच बसा, पण सलग ९० मिनिटं बसा. तीन दिवस अर्धा-अर्धा तास असं वाटून घेतलंत तर प्रश्न गळी उतरेपर्यंत वेळ संपलेली असते. शनिवारी सकाळची शाळा असते, ती सुटल्यावर लगेचची वेळ सर्वांत सोयीची. मुलं भुकेली असतात, म्हणून आधी दहा मिनिटं केळी, चुरमुरे, जे जमेल ते हातावर द्या. हे फालतू वाटेल, पण उपाशीपोटी कठीण प्रश्नावर कोणी टिकत नाही. शेवट एसटीच्या वेळेवरून ठरवा आणि घड्याळ बघून संपवा. शाळा सुटल्यानंतर संध्याकाळी मंडळ घेऊ नका. संध्याकाळी घेतलं की नववीच्या मुली सर्वांत आधी गळतात, कारण अंधार पडल्यावर वाडीपर्यंत चालत जायला घरचे नाही म्हणतात. यात मुलींचा किंवा गणिताचा काही दोष नसतो, दोष वेळापत्रकाचा असतो.

मुलं आठ ते पंधरा असावीत. पंधराच्या वर गेली तर एकट्या शिक्षकाला प्रत्येकाच्या वहीत डोकावता येत नाही. सहावी-सातवी आणि आठवी-नववी अशी मिसळ चालते, उलट बरी पडते, कारण खालच्या वर्गातली मुलं बिनधास्त प्रश्न विचारतात. निवड मात्र गुणांवरून करू नका. वार्षिक परीक्षेतल्या पहिल्या दहांना बोलावलं की त्यातले निम्मे नेटकी वही ठेवणारे निघतात, आणि खरी गोडी असलेला एखादा तीस-पस्तीस गुणवाला बाहेर राहतो. पहिले चार शनिवार सर्वांना खुले ठेवा. पहिल्या दिवशी पंचवीस येतील, चौथ्या दिवशी बारा-चौदा उरतील, ती तुमची मुलं. जी गेली त्यांना ‘कधीही परत या’ एवढं सांगून ठेवा. दोन-तीन जण दिवाळीनंतर परत येतात.

एक बैठक कशी चालते ते नीट पाहू. सुरुवातीची दहा मिनिटं हात-डोकं गरम करायला. पंधरा चिंचोके मांडा. दोघांनी आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायचे, शेवटचा उचलेल तो जिंकला. दोन आठवडे नुसतं खेळू द्या. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी ओरडतंच की समोरच्यापुढे चार ठेवले की तो हरला. मग आठ, मग बारा, मग ‘पहिल्यांदा खेळणाऱ्याने तीन उचलायचे’. हे त्यांच्याकडूनच येऊ द्या, तुम्ही एकदाही सुचवू नका.

मग मुख्य प्रश्न. एका बैठकीत एकच. नमुना म्हणून कापरेकरांची प्रक्रिया घेऊ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आपल्याच किनाऱ्यावरच्या डहाणूचे, जन्म १९०५चा. त्यांनी निवृत्तीपर्यंत देवळालीला शाळेत शिकवलं आणि तिथूनच ६१७४ ही संख्या जगाला दाखवली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि पुढे ती हलत नाही. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे येता. ही गंमत पुष्कळ शिक्षक मुलांना दाखवतात, मुलं टाळ्या वाजवतात, आणि विषय तिथेच संपतो. टाळ्यांवर थांबलं तर तो जादूचा प्रयोग होतो. गणित सुरू होतं ‘असं का?’ विचारल्यावर, आणि चार अंकांत त्याचं उत्तर सहावी-सातवीच्या हाताला लागत नाही. म्हणून मुलांना तीन अंकी संख्या द्या.

तीन अंकांत, तिन्ही अंक सारखे नसले की, सगळे ४९५ ला पोचतात. प्रत्येकाला वेगळी संख्या घेऊ द्या आणि दहा मिनिटं गप्प बसा. पहिली चूक ठरलेली आहे. कोणाला तरी वजाबाकीत ९९ मिळतात, तो पुढे ९९ − ९९ = ० करतो आणि म्हणतो की माझी संख्या शून्यावर गेली. इथे ‘चुकलास’ म्हणू नका. फळ्यावर त्याची आणि शेजारच्याची मांडणी शेजारी-शेजारी लिहा आणि विचारा, आपण तीन अंकी खेळ खेळतोय ना, मग ९९ तीन अंकांत कसे लिहायचे? ०९९ लिहिलं की ९९० − ०९९ = ८९१ आणि गाडी मार्गी लागते. नियम किती काटेकोर असावा लागतो, हे यातून आपोआप समजतं.

वीस मिनिटांनी फळ्यावर सगळ्यांच्या वजाबाक्या जमा करा. ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. एवढ्या मुलांनी एवढ्या वेगळ्या संख्या घेतल्या, तरी यापलीकडची वजाबाकी कोणालाच आलेली नाही. मधला अंक नेहमी ९, टोकांच्या अंकांची बेरीज नेहमी ९. ‘का?’ हा प्रश्न टाका आणि पुन्हा थांबा. उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क धरले की आठवीच्या मुलाला १००अ + १०ब + क मधून १००क + १०ब + अ वजा करता येतं, उत्तर ९९ × (अ − क). मधला अंक उडूनच गेला. अ − क ची किंमत १ ते ९, म्हणून शक्यता नऊच. सहावीचं मूल हेच उभी वजाबाकी मांडून हातच्यावरून दाखवतं, आणि तेही तितकंच खरं. आता नऊच संख्या तपासायच्या उरल्या. १९८ आणि ८९१ मध्ये अंक तेच, तशा जोड्या लावल्या की साखळी अशी दिसते: ०९९ पासून ८९१, मग ७९२, ६९३, ५९४ आणि ४९५. सिद्धता पूर्ण झाली. तीन अंकी सगळ्या संख्यांबद्दलचं विधान सहावीच्या मुलांनी नऊ ओळींत सिद्ध केलं. हा क्षण मुलांच्या लक्षात आणून द्या: आपण एकेक संख्या तपासत बसलो नाही, तरी एकही सुटलेली नाही.

ज्याचं लवकर झालं त्याच्यासाठी पुढचे प्रश्न आधीच तयार हवेत, नाहीतर तो उत्तर फोडतो. जास्तीत जास्त किती पायऱ्या लागतात? (सहा. ११२ घेऊन बघा.) दोन अंकी संख्यांत काय होतं? तिथे ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९ असा फेरा लागतो, एका संख्येवर मुक्काम होत नाही. नववीच्या मुलाला चार अंकी द्या. वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) अशी येते आणि मोजल्या तर ५४ शक्यता निघतात. चौघांत वाटून घेतल्या तर एका आठवड्याचं काम होतं.

शेवटची वीस मिनिटं फळ्यावर मुलांनी बोलायचं आणि दहा मिनिटं लिहायचं. लिहिणं टाळू नका, सगळी मंडळं इथेच ढिली पडतात. दोनशे पानी वही, डावं पान कच्चं, उजवं पक्कं. खोडरबर बंद, पेनानेच लिहायचं आणि चुकलेलं एका रेघेने काटायचं, म्हणजे विचार कुठे वळला ते तुम्हाला आणि मुलाला दोघांनाही दिसतं. उजव्या पानावर आठवड्याला एकच उत्तर, पाच-सहा ओळी, पण वाचणाऱ्याला पटेल असं. तपासताना बरोबरची खूण करू नका. जिथे उडी मारली असेल तिथे समासात ‘हे कशावरून?’ लिहा. दिवाळीपर्यंत मुलं स्वतःच लिहिताना स्वतःला हे विचारू लागतात.

तुमच्यासाठी सर्वांत कठीण काम म्हणजे न सांगणं. मुलं अडली की मदतीच्या तीन पायऱ्या ठेवा. पहिली, ‘लहान संख्या घेऊन बघ’. दुसरी, ‘आतापर्यंतचं एका तक्त्यात लिही आणि तक्ता वाच’. तिसरी त्या प्रश्नापुरती नेमकी सूचना, आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवलेली. दोन पायऱ्यांमध्ये सात-आठ मिनिटं जाऊ द्या. ऐनवेळी सुचेल ते बोललं की बहुतेक वेळा उत्तरच तोंडून जातं. आणि तुम्हाला स्वतःला न सुटलेला प्रश्न मुलांपुढे ठेवायला कचरू नका. शिक्षक फळ्यापाशी उभं राहून खरोखर विचार करतात, हे मुलांना क्वचितच बघायला मिळतं.

आकृतिबंध शोधायला मुलं एकदा शिकली की उलटा रोग लागतो: चार उदाहरणं जुळली म्हणजे सिद्ध झालं. त्यावर एक हमखास उपाय आहे. वर्तुळावर बिंदू घ्या, सगळे एकमेकांना रेषाखंडांनी जोडा, आत किती भाग पडतात ते मोजा. एक बिंदू, एक भाग. मग २, ४, ८, १६. सहा बिंदूंना ३२ येणार असं सगळे सांगतात, आणि येतात ३१. (तीन रेषा एकाच ठिकाणी छेदू देऊ नका, नाहीतर ३० येतील आणि गोंधळ वाढेल. बिंदू मुद्दाम वेडेवाकडे घ्या.) निम्मी मुलं ३१ मोजून वहीत ३२ लिहितात, मोजताना एक राहिला असेल असं समजून. त्या मुलांना पुन्हा मोजायला लावा, रंग भरून. हा धडा तोंडी समजावून कोणाला पटत नाही.

प्रश्न कुठून आणायचे? आसपासचे घ्या, पण नुसती स्थानिक सजावट नको. ‘पाच डझनांच्या सात पेट्यांत किती हापूस’ हा तोच जुना गुणाकार आहे, आंबे घातले म्हणून तो खोल होत नाही. किनाऱ्यावर खरोखर खोल असलेला विषय भरतीचा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, ही रीत मुलांच्या आजोबांना ठाऊक असते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. त्यावर आठवी-नववीला तीन शनिवार सहज पुरतात.

पहिला प्रश्न असा द्या. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. आज दुपारी १२ वाजता पूर्ण भरती असेल, तर पुन्हा दुपारी १२ च्या सुमारास ती किती दिवसांनी येईल? बहुतेक जण १४४० ला ५० ने भागतात आणि साधारण २९ दिवस सांगतात. मग ज्याच्या घरी होडी आहे तो मुलगा म्हणतो की असं नाही, पुनवेलाही दुपारी भरती असते आणि अवसेलाही. दोघांचं भांडण होऊ द्या. चूक सापडते ती अशी: दिवसात भरती दोनदा येते, सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने. आजची रात्रीची भरती सरकत सरकत उद्या-परवा करत दुपारच्या जागी पोचते, त्याला ७४५ भागिले ५०, म्हणजे जेमतेम १५ दिवस लागतात. पंधरवडा आला. वर्गात ज्याचा हात सहसा वर जात नाही असं एखादं मूल या दिवशी सर्वांना दुरुस्त करतं, तेव्हा त्याला मध्येच तोडू नका.

दुसऱ्या शनिवारी पाऊणपट तपासा. ३० तिथ्यांत भरतीची वेळ २४ तास सरकते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तिथीमागे तीन मिनिटांची तूट, पंधराव्या तिथीला पाऊण तासाची. म्हणूनच रीतीने पौर्णिमेला सव्वाअकरा येतात आणि प्रत्यक्षात बाराच्या आसपास. मग विचारा, ४५ ऐवजी ४८ देणारा अपूर्णांक कोणता? चार-पंचमांश. तो बरोबर आहे, मग तो का वापरला नाही? पूर्वी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असायची, चार-पंचमांश तोंडी करणं जड जातं, आणि होडी पाण्यात ढकलायला अर्ध्या-पाऊण तासाची चूक चालते. किती अचूकता कशासाठी हवी, हा विचार शालेय पुस्तकात फारसा येत नाही, इथे तो हाताशी आहे. तिसऱ्या शनिवारी भरतीच्या कोष्टकातून पंधरा दिवसांच्या वेळा घेऊन आलेख काढा. रोजचा फरक सारखा नसतो, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास कमी आणि अष्टमीच्या आसपास जास्त, हे मुलांना स्वतःच दिसेल. सरासरी आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर समजावण्यासाठी याहून चांगला आलेख मला माहीत नाही.

वर्षाची आखणी कोकणच्या हवामानावर आणि सणांवर बेतावी लागते. शहरातली छापील वेळापत्रकं इथे टिकत नाहीत. जून-जुलैत पावसाच्या सुट्ट्या अचानक येतात, लावणीला मुलं घरी थांबतात, साकवावरून पाणी गेलं की एखादी वाडी येतच नाही. म्हणून गणपतीपर्यंत प्रत्येक बैठक स्वतंत्र ठेवा, मागच्या शनिवारवर काहीही अवलंबून नको. खेळ, आकृतिबंध, कापरेकर यासाठी हा काळ चांगला. मोजणीचे, म्हणजे ‘किती प्रकारे?’ असे, प्रश्न गणपतीनंतर. खरी सलग मालिका दिवाळी संपल्यापासून जानेवारीपर्यंत घ्या, कोकणात एवढीच अखंड मोकळीक मिळते. सहा-सात आठवडे एकाच विषयावर: भागाकारातल्या बाक्या आणि घड्याळाचं अंकगणित, किंवा ठिपक्यांच्या कागदावरची क्षेत्रफळं. ठिपक्यांवर शिरोबिंदू असलेल्या बहुभुजाकृतीचं क्षेत्रफळ म्हणजे आतले ठिपके, अधिक कडेवरच्या ठिपक्यांचे निम्मे, वजा एक. हे सूत्र मुलांनी स्वतः शोधण्यासारखं आहे, आणि पूर्ण सिद्धतेपर्यंत जायला चार आठवडे लागतात. फेब्रुवारीपासून परीक्षा आणि शिमगा, तेव्हा बैठका विरळ करा.

२२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या जयंतीला, गणित दिन असतो. भाषणं आटोपशीर ठेवून त्या दिवशी मंडळातल्या मुलांना इतर वर्गांत जोडीने पाठवा, चिंचोके आणि ४९५ घेऊन. मोठ्यांची नावं सांगायचीच तर कापरेकरांबरोबर रँग्लर परांजपे सांगा. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा हा मुलगा १८९९ साली केंब्रिजला सिनियर रँग्लर झाला, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला.

मे महिन्यात चाकरमानी गावी येतात. त्यांत अभियंते असतात, महाविद्यालयात गणित-संगणक शिकणारी मुलं असतात. त्यांना तीन दिवसांच्या शिबिरात जरूर बोलवा, पण आधी एक अट सांगा: उत्तर सांगायचं नाही, व्याख्यान द्यायचं नाही, तीन मुलांच्या गटाजवळ बसून ऐकायचं. हे बजावलं नाही तर उत्साहाच्या भरात पहिल्याच तासाला अकरावीची त्रिकोणमिती फळ्यावर येते.

एकाच शाळेत पुरेशी मुलं नसतील तर शेजारच्या दोन-तीन शाळांशी महिन्याचा प्रश्नकागद चालवा. हंगेरीत १८९४ पासून शालेय मुलांसाठी असंच मासिक निघतं. प्रश्न छापायचे, मुलांनी उत्तरं पाठवायची, चांगली उत्तरं नावासकट पुढच्या अंकात. विखुरलेल्या वाड्यांना ही पद्धत फार मानवते. कागदावर चारच प्रश्न: दोन सर्वांना जमणारे, एक लांबलचक, एक असा की ज्याचा पूर्ण शेवट लागेलच असं नाही. मुदत पंधरा दिवस, उत्तराचा फोटो फक्त शिक्षकांना, सामायिक गटावर नाही. मोबाइलवरून शोधलेली उत्तरं येतीलच. त्यावर रागावण्यापेक्षा त्या मुलाला फळ्यापाशी बोलवा आणि आकडे बदलून तोच प्रश्न द्या. दोनदा असं झालं की मुलं स्वतः सोडवलेलं अर्धवट उत्तर पाठवू लागतात, आणि अर्धवट उत्तराला शाबासकी मिळते हे कळलं की तो प्रकार बराच थांबतो.

परीक्षांकडे दुसऱ्या वर्षी वळा, आणि ज्याला हवं त्यालाच वळवा. एनएमएमएस मात्र वेगळी गोष्ट आहे. आठवीत पात्र ठरलेल्या मुलाला नववीपासून वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि ते घराला उपयोगी पडतात. त्याची तयारी वर्गात वेगळी करून घ्या, मंडळाच्या वेळेत नको. आयओक्यूएम आठवीपासून देता येते. १०० गुण, दहा प्रश्न दोन गुणांचे, दहा तीनचे, दहा पाचचे, आणि उत्तर ०० ते ९९ मधली पूर्ण संख्या, त्यामुळे पर्याय बघून अंदाज बांधता येत नाही. विषय चारच: बीजगणित, भूमिती, संख्यांचे गुणधर्म आणि मोजणी. कलनाची (कॅल्क्युलसची) गरज नसते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. दोन आणि तीन गुणांचे प्रश्न आधी, घड्याळ न लावता. शेवटच्या दोन महिन्यांतच वेळ लावा. इंग्रजीतला प्रश्न वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगणं, हा सराव मराठी माध्यमाच्या मुलांना दर आठवड्याला द्या. बहुतेक गुण गणितावाचून तिथेच जातात, विशेषतः ‘कमीत कमी’, ‘वेगवेगळे’, ‘लगतच्या’ अशा शब्दांवर.

तारखेकडे लक्ष ठेवा. ही परीक्षा अलीकडे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते. २०२४ साली ती ८ सप्टेंबरला होती आणि गणेश चतुर्थी ७ ला. घरात गणपती, मुंबईहून आलेली माणसं, आणि मुलाला परीक्षा केंद्र गाठायला पहाटे निघायचं, हे ऐनवेळी कुठल्याच घराला जमत नाही. तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात पालकांना भेटा, केंद्र कुठे आहे, कोणत्या गाडीने जायचं, सोबत कोण, हे ठरवून टाका.

पालक ‘याचे मार्क किती मिळणार?’ हे विचारणारच. शब्दांनी उत्तर देत बसू नका. जूनमधलं आणि डिसेंबरमधलं उजवं पान शेजारी उघडून ठेवा. जूनमध्ये ‘उत्तर ४९५’ एवढंच असतं, डिसेंबरमध्ये सहा ओळी असतात आणि त्यांत ‘कारण’ हा शब्द तीनदा आलेला असतो. वर्षभराची नोंद ठेवायची तर एवढीच ठेवा: प्रत्येक मुलाची पूर्ण लिहिलेली उत्तरं किती, आणि त्यातली स्वतःहून सुरू केलेली किती. फी घेऊ नका. वह्या आणि खाऊचा खर्च ग्रामस्थ मंडळ किंवा माजी विद्यार्थी उचलतात, मागितलं की मिळतं.

मध्येच संख्या घसरेल. एखाद्या पावसाळी शनिवारी चारच मुलं येतील. तरी बैठक रद्द करू नका, एकदा रद्द केली की पुढच्या शनिवारी ‘आज आहे का?’ हा प्रश्न सुरू होतो आणि त्यातून मंडळं बंद पडतात. चौघांच्या दोन जोड्या होतात, दोन जोड्यांना चिंचोके पुरतात, आणि एरवी पंधरा मुलांत ज्याचं पूर्ण ऐकून घ्यायला वेळ मिळत नाही त्याचं उत्तर त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकता येतं.